नवं खाऊ का जी?

आमच्याकडे नव्या धानाचा भात देवाला विचारल्याशिवाय कोणी खात नसे. विचारायचं काम बाबांचं. एकोडीजवळच्या आमच्या गावात हलकं, लवकर येणारं धान पिवळं झालं की ते धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या कोपऱ्यातून इळ्यानं एक मूठ कापायचे, दुपट्टा काढून डोक्यावर ती पेंढी ठेवायचे आणि अनवाणी तलावाच्या पाळीवर जायचे. तिथला देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड. त्याच्यापुढं सपशेल आडवे व्हायचे. "यंदा बी तुह्याच वावरात राबलो. नवं खाऊ का जी?" आणि तसेच पडून राहायचे. मुंग्या चावोत, काही होवो. बऱ्याच वेळानं उठून अंग झटकत सांगायचे, "हव म्हणते."

"तुमाले आयकू येते का, बाबा?" मी लहानपणी विचारलं होतं.

"येईपर्यंत थांबा लागते, बाबू."

भुकेनं माझा जीव जायचा आणि हा माणूस आपला पडलेला! आता वाटतं, आणखी तासभर पडले असते तरी मी बसलो असतो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत आमचं बरं झालं. बोअर लागली, उन्हाळी धान निघू लागलं, कवेलू जाऊन स्लॅब पडली, दारात ट्रॅक्टर आला. माझे पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला बोलू. त्या साली कापणीला हार्वेस्टर ठरवला. बाबा कोंढ्याला आत्याकडे गेले होते आणि मशीनचा नंबर एक दिवस आधीच लागला. मी कशाला सोडतो! दुपारपर्यंत वावरातल्या सगळ्या बांध्या कापून साफ. मागून उरलेल्या खुंटांवर गाई सोडल्या.

संध्याकाळी बाबा आले ते सरळ वावरात गेले. मूठ कापायला घरातून घेतलेला इळा हातातच होता.

"कोपरा बी नाई ठेवला?"

"मूठभर कायले पायजे, बाबा? अख्खं पोतं नेऊन ठेवतो देवापुढं."

नेलंही. ट्रॅक्टर थेट पाळीवर चढवला, पोतं उतरवलं, पायातल्या बुटांसकट हात जोडले आणि परत. पाच मिनिटांत काम.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तू देऊन आला, बाबू. इचारून नाई आला."

"मंग तुम्ही इचारा ना आता!"

"कोणत्या तोंडानं? सारं घरात भरल्यावर इचारतेत का?"

त्या दिवसापासून माय चुलीवर भाताचे दोन गंज चढवायची. आमच्यासाठी नव्या तांदळाचा, बाबांसाठी जुन्याचा. नव्या भाताचा वास घरभर सुटायचा आणि शेजारी बाबा खाली मान घालून आपला जुना भात जेवायचे. मी त्यांच्यावरच खेकसायचो. "काहून हट्ट करून राहिले, बाबा?"

"हट्ट नाई रे. पुढच्या साली इचारू ना."

पुढच्या पावसाळ्यात धुऱ्याजवळचा कोपरा त्यांनी कोणाला रोवू दिला नाही. गुडघाभर चिखलात वाकून स्वतः रोवला. वर येऊन म्हणाले, "हा कोपरा मशीनले दाखवू नोको." पोळ्याच्या आधीच बाबा गेले. धान अजून हिरवंगार होतं.

ते पिवळं झालं तेव्हा मशीनवाल्याला मी बाहेरच थांबवलं. चप्पल धुऱ्यावर ठेवली. कोपऱ्यातली मूठ कापली, डोक्यावर घेतली आणि पाळीवर चालत गेलो. खडे टोचत होते. दगडापुढं आडवा झालो. काय म्हणायचं ते पाठ होतं, रस्ताभर घोकलंही होतं. पण "नवं खाऊ का" काही तोंडातून निघेना.

"बाबानं नाई खाल्लं जी," एवढंच निघालं.

मग मी तसाच पडून राहिलो. खालून मशीनवाला हॉर्न वाजवत होता.