खोडलेली नियती

२० फेब्रुवारी. दुपारी एस.वाय.बी.ए.च्या सराव परीक्षेचे पेपर तपासायला घेतले. प्रश्न नेहमीचाच: नेमलेल्या नाटकातल्या प्रेमी युगुलाच्या मृत्यूला जबाबदार कोण? एकेचाळीस पोरांनी लिहिलं, नियती. लिहिणारच, हे उत्तर दरवर्षी मीच सांगते आणि ती उतरवून घेतात.

सारिकानंही आधी 'नियती' लिहिलं होतं. मग त्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, 'नायिकेची मावशी. तिला दोघांचं सगळं ठाऊक होतं. नायिका रडत तिच्याकडे गेली, तेव्हा ती म्हणाली, मोठ्यांचं ऐक.'

लाल पेन हातात तसंच राहिलं. नियती फार सोयीची असते. तिला जाब विचारता येत नाही, म्हणून आम्ही शहाणी माणसं आपली कृत्यं तिच्या नावावर खपवतो. गेल्या महिन्यात सारिकाची आई कॉलेजात आली होती. "मॅडम, हिचं मन दुसरीकडेच आहे. आम्ही स्थळ पक्कं करतोय. तुमचं ऐकेल ती." सारिका माझ्यासमोर रडली. मला पुढचा तास होता. मी म्हटलं, "आईवडील कधी वाईट चिंततात का? ऐक त्यांचं." ती रडायची थांबली. मला वाटलं, पटलं तिला.

२१ फेब्रुवारी. सकाळी कॉलेजच्या आधी सारिकाच्या घरी गेले. आई म्हणाली, "बसा मॅडम, चहा टाकते. परवा साखरपुडा आहे."

"चहा नको. सारिकाला बाहेर बोलवा. मी तिला चुकीचं सांगितलं, हे तुम्हा दोघींसमोर सांगायचंय."