सुईवाल्या बाई

दुसऱ्याला सुई टोचण्याआधी बाई एक सुई स्वतःच्या दंडात टोचून घ्यायच्या. मग नवी सुई काढून समोरच्याला म्हणायच्या, "जे मी सोसणार नाही, ते तुम्हाला कसं सोसायला लावू?" शिरड शहापुरात आमच्या अंगणात त्यांनी हे केलं आणि गावानं त्यांचं नावच ठेवलं, सुईवाल्या बाई. खरं तर त्या पुण्याच्या शास्त्रज्ञ. घराण्यातून उतरणारे स्नायूंचे आजार हा त्यांचा विषय.

आमचं घर मेंढ्यांचं. माझे वडील, बापू, दचकले की त्यांचं अंग आखडायचं. थोडं हललं-फिरलं की सुटायचं. एकदा भरदुपारी लांडगा कळपात घुसला. बापू काठी उगारून धावणार, तोच लाकडासारखे आडवे झाले. लांडग्यानं कोकरू नेलं. "लांडगा बघून मेल्याचं सोंग घेतलं," म्हणून पारावर हशा झाला आणि बापू गावाचे 'सोंगाड्या' झाले. त्यांनी पारावर बसणंच सोडलं.

पुढं मी हिंगोलीला बी.एस्सी.ला गेले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मीच पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. तिथं बाई व्याख्यानाला आल्या. म्हणाल्या, "पेशीला बारीक बारीक दारं असतात. मिठातले कण त्यातून ये-जा करतात. एका दारानं स्नायूला 'आवळ' असा हुकूम मिळतो, दुसऱ्या दारानं 'पुरे' असा. हे 'पुरे'चं दार बिघडलं तर? आवळलेली मूठ लवकर सुटत नाही, असं माणूस कुणी पाहिलंय?" मागच्या बाकावरची पोरं हसली. मी हात वर केला. "माझे वडील."

बाईंनी एवढंच विचारलं, "कधी येऊ?"

आल्या त्या सरळ ओट्यावर बसून वंशावळ काढू लागल्या. माझ्या आत्यालाही हाच त्रास. पण ती नवऱ्याचं नाव घेईना. एकदा 'घरधनी' म्हणाली, एकदा 'धाकल्याचे बा'. बाईंनी कागदावर आत्याला दोन नवरे देऊन टाकले. आत्या म्हणाली, "अवं बाई, एकच सांभाळून राहिले मी, दुसरा काहून देता?" बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि एक नवरा खोडला. बाकीची वंशावळ बापूंनी सांगितली. मेंढ्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ असणाऱ्याला माणसांच्या चार म्हणजे काय!

मग लाईट येण्याची वाट पाहून यंत्र लावलं, सुईनं स्नायूतली वीज टिपून तिचा आवाज ऐकवणारं. अंगणात अर्धं गाव. बाईंच्या दंडात सुई. दंड सैल सोडला की यंत्र गप्प. बापूंचा दंड सैल, तरी यंत्रातून घरघराट निघाला, लांबून फटफटी यावी, जवळून जावी, तसा चढता-उतरता.

"सोंगाड्याचं इंजिन चालू झालं रे!" पारावरचा एक जण ओरडला.

बाई हसल्या नाहीत. "या, तुम्ही बसा. हवं तेवढं सोंग करा आणि हा आवाज काढून दाखवा."

गडी बसला. दंड आवळला की खरखर, सोडला की शांत. दहादा केलं, कपाळाला घाम आला, पण फटफटी काही वाजली नाही.

"ढोंग असं वाजत नाही," बाई म्हणाल्या. आख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात.

बापू हळूहळू उठले, आखडत आखडत पारापर्यंत चालत गेले, आणि मधोमध बसले.

बाईंनी खोटी आशा कधी दाखवली नाही. "गोळीनं आखड थोडी कमी होईल. आजार जाणार नाही." पुढं त्यांचा शोधनिबंध छापून आला. तो घेऊन त्या स्वतः गावी आल्या. बापूंनी विचारलं, "ह्यात मी कुठं?" बाईंनी वंशावळीतला एक काळा चौकोन दाखवला, आजार असलेल्या पुरुषाची खूण.

"नाव न्हाई?"

"नाव छापत नाहीत, बापू. लोकांना त्रास होऊ नये म्हणून लपवतात."

"लपवायला आमी काय चोरी केली व्हय? सोंगाड्या म्हणताना कुणी लपून म्हणलं न्हाई."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पेन पुढं केलं. "नियम माझ्या एकटीचा नाही. पण ही प्रत तुमची आहे. लिहा."

बापूंनी चौकोनाखाली सही केली. सही झाली, पण मूठ सुटेना. मी पेन ओढायला गेले, तर बाईंनी माझा हात धरला. "राहू दे. घाई कुणाला आहे?"

काही वर्षांनी पुण्याहून बाई गेल्याचा फोन आला. बापू पारावर जाऊन सांगून आले, "आपल्या बाई गेल्या." आता बापूही नाहीत. मी जवळा बाजारला शाळेत विज्ञान शिकवते. ते सहीचं पान चौकटीत बसवून घरात लावलंय. नात्यातले दबक्या आवाजात म्हणतात, "घरातला आजार भिंतीवर कशाला? लेकरांची लग्नं व्हायचीत."

मी त्यांना जवळ बोलावते. सहीच्या शेवटी शाईचा एक मोठा ठिपका पसरलाय, मूठ सुटेपर्यंत पेन टेकून राहिलं होतं तिथं. त्याच्यावर बोट ठेवते आणि बापूंचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचून दाखवते.