मेदकच्या खिडकीचे रंग

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात एकच चर्च रंगवलं, आणि तेही न बघता.

लातूरला आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो आधी वडील काढायचे, नंतर मीही काढू लागले, कारण बायकांना माझ्यासमोर बसायला बरं वाटायचं. पडदे दादा रंगवायचा. पडदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीमागे टांगायचं रंगवलेलं कापड. सगळ्यांकडे असायचा तसा आमच्याकडेही एक ताजमहाल होता, एक कारंजं होतं आणि एक कुठंच न जाणारा जिना होता. त्या जिन्याचा दादाला भारी राग. "जिना हाय तर वर काय हाय ते तरी दाखवा," असं तो वडिलांना म्हणायचा. वडील म्हणायचे, "गिऱ्हाईक वर जाणार न्हाई, फोटो काढून घरी जाणार हाय."

सरकारी दवाखान्यात तेलंगणातल्या मेदककडच्या एक नर्सबाई होत्या. तेलुगू वळणाचं मराठी बोलायच्या. त्यांनी एकदा एक चित्र फ्रेम करायला दिलं. वहीच्या पानाएवढं, काळं-पांढरं, त्यांच्या गावच्या मोठ्या चर्चचा आतला भाग. दगडी खांब, वर एकमेकींना टेकलेल्या कमानी आणि समोर रंगीत काचांची उंच खिडकी, तिच्यात आभाळात जाणारा येशू. काचा रंगीत आहेत हेही बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. फ्रेम होईपर्यंत त्यांची बदली झाली आणि त्या परत आल्या नाहीत. दादाने दवाखान्यात दोनदा चौकशी केली, बरेच दिवस वाट पाहिली, आणि मग ते चित्र स्वतःच्या खोलीत लावलं.

त्या वर्षी लग्नसराई संपल्यावर त्याने मांजरपाटाचे तीन पट्टे शिवून घेतले, त्याला खळ आणि सफेदा चढवला आणि चर्च काढायला घेतलं. खांब आणि कमानी झटक्यात जमल्या. गाडं अडलं ते खिडकीपाशी. काळ्या-पांढऱ्या चित्रात लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे दिसतात. कुठल्या काचेला कुठला रंग ते कोण सांगणार? शेवटी त्याने मनानेच लावले. येशूच्या अंगावर हळदीचा पिवळा, आभाळाला मोरपंखी, खाली उभ्या माणसांना डाळिंबी. पडद्याच्या तळाशी दोन पायऱ्या काढल्या आणि पायऱ्यांवर चपलांची रांग. मी हसले तर माझ्यावरच खेकसला, "देवाच्या दारात कुणी चपला घालून जातेत का?"

मग गंमत झाली. गिऱ्हाइकं त्या पडद्यासमोर आली की आपसूक चपला काढायला लागली. खेड्यावरून आलेल्या नव्या नवऱ्या, त्यांच्या सासवा, शेरवानी घातलेले नवरदेव, सगळे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बाया तर आधी पडद्याला हात जोडायच्या आणि मगच स्टुलावर बसायच्या. हे नेमकं कुणाचं देऊळ, असं फारसं कुणी विचारलं नाही. त्या काळात आमच्या स्टुडिओत निघालेल्या फोटोंतली माणसं अनवाणी आहेत. औसा, निलंगा, उमरगा या बाजूच्या कितीतरी घरांत ते चर्च भिंतीवर गेलं.

दादा मात्र खूश नव्हता. खिडकी त्याला खात राहिली. "एकदा जाऊन बघायचं," म्हणायचा. "माझे रंग जुळले का न्हाई, तेवढंच बघायचं. मग दुरुस्त करून टाकीन." मी म्हणायचे, मी फोटो काढून आणते. त्यावर तो नाही म्हणून मान हलवायचा. आणि त्याचं खरंच होतं. अंधाऱ्या खोलीतली खिडकी कॅमेऱ्याला पेलत नाही. काचेचा उजेड धरावा तर खांब काळेकुट्ट होतात, खांब धरावेत तर काच पांढरीफटक पडते. ब्रशने रंगवणाऱ्याला दोन्ही एकदम दाखवता येतं. पण त्याने ते डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे.

माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. मालक विष्णुपुरीला कॉलेजात नोकरीला. नांदेडहून धर्माबादवरून तिकडे गाडी जाते, पुढे बसने मेदक. मी दर राखीला दादाला म्हणायचे, ये नांदेडला, तुला खिडकी दाखवून आणते. तो म्हणायचा, पुढच्या सुट्टीत. पुढची सुट्टी म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग भूकंप झाला. आमच्या घराला भेग गेली, माणसं वाचली. मी दोन दिवसांनी एसटीने लातूरला पोचले तेव्हा स्टुडिओ बंद होता, पण आठवड्याभरात उघडावा लागला. लोक दारात येऊन बसायला लागले होते. कुणाच्या हातात ढिगाऱ्यातून काढलेला फोटो, कुणाच्या हातात काहीच नाही, नुसतं वर्ष आणि लग्नाचा महिना सांगायचे. निगेटिव्ह आमच्याकडे होत्या. सगळ्यांना एकच पाहिजे होतं, गेलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून, हार घालण्यासारखा. आणि जवळजवळ प्रत्येक निगेटिव्हमध्ये माणसाच्या मागे दादाचं चर्च होतं.

हाराच्या फोटोला मागं साधं पाहिजे, ही आपल्याकडची रीत. एक म्हातारे सुनेचा आणि दोन नातींचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, मागलं ते काढा. निस्ती माझी लेकरं ठेवा." दादा हो म्हणाला. मी डार्करूममध्ये एन्लार्जमेंट काढायचे, वडील नावं लिहून घ्यायचे, आणि दादा बारीक ब्रशने चेहऱ्याच्या कडेकडेने रंग भरत मागचं सगळं झाकायचा. केसांच्या बटा राहिल्या पाहिजेत, बुगडी राहिली पाहिजे, खांब गेले पाहिजेत. ज्या खिडकीसाठी तो वर्षानुवर्षं झुरला ती त्याने स्वतःच्या हाताने पुसली, एकदा नाही, रोज, महिनोन् महिने. जेवायला बसला की त्याच्या बोटांना करडा रंग असायचा. मला ते बघवायचं नाही.

एक बाई एकट्या आल्या. नवरा-बायकोचा जोडीने काढलेला फोटो होता. पोटाशी फोटो धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "समदं पुसा भाऊ, पर खाली ह्यांच्या चपला दिसायल्यात, त्या ऱ्हाऊ द्या." दादाने भिंग लावून पाहिलं. पायऱ्यांजवळ त्यांच्या खऱ्या चपला होत्या आणि त्यांना लागून दादाने रंगवलेल्या. फोटोत खऱ्या कुठल्या आणि रंगवलेल्या कुठल्या, हे त्याला कळेना, मला कळेना, वडिलांना कळेना. त्या बाईंना विचारायची कुणाची छाती झाली नाही. दादाने सगळी रांग ठेवली. फोटो देऊन झाल्यावर तो आत गेला, पडदा उतरवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यानंतर त्याने चित्र म्हणून काही काढलं नाही. मेदकचं नाव काढलं तर म्हणायचा, "कशाला बाई? आता पुसणारा माणूस झालो मी."

वर्षं गेली. वडील गेले. लातूरमध्ये गल्लीगल्लीत क्लासेस उघडले, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे टांगले गेले आणि ज्याच्या घरात एक खोली जास्त त्याने ती मुलांना भाड्याने दिली. स्टुडिओत आता फक्त पांढरा पडदा उरला. फॉर्मला लावायचे फोटो, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. दादाने लग्न केलं नव्हतं. दुकान चालत होतं, तो चालवत होता.

माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. नांदेडलाही क्लासेस कमी नव्हते, पण मला लातूरच पाहिजे होतं, आणि तिथं तर सख्खा मामा. दादाने तिला आपली खोली दिली, स्वतः स्टुडिओच्या मागच्या भागात झोपायला लागला. पहाटे उठून तिला चहा करून द्यायचा, क्लासला चालत सोडायला जायचा. स्कूटर विकून टाकली. मला फोनवर म्हणाला, "चालणं बरं असतंय तब्येतीला." मला पटलं. एकदा मुलगी हसत हसत सांगत होती की मामाने चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. एकदा म्हणाली, मामा हल्ली वर्तमानपत्र मलाच वाचायला लावतो, म्हणतो तुझं वाचन होतंय. आम्ही दोघी खळखळून हसलो. ते हसणं आठवलं की आजही माझ्या तोंडात कडू येतं.

मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. त्या आठवड्यात दादाने आपणहून फोन केला. "आता रिकामा झालो. चल, मेदकला जाऊन येऊ." मला इतका आनंद झाला की मी कारणही विचारलं नाही. नांदेडच्या बसस्टँडवर मी त्याला घ्यायला उभी होते. तो उतरला, माझ्याकडे सरळ चालत आला आणि माझ्या खांद्याला घासून पुढे निघून गेला. मी मागून हाक मारली तेव्हा थांबला. "अगं, गर्दी लई हाय," म्हणाला. गर्दी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजेड-अंधार कळेल, हललेलं काही कळेल, बाकी गेलेलं परत येणार नाही. वेळेवर आला असतात तर थांबवता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. त्या बारीक ब्रशच्या कामाचा याच्याशी संबंध नाही, असंही म्हणाले. ते मी मानत नाही. मानणार नाही.

रिक्षात मी दादावर ओरडले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली इतकी ओरडले. "दोन वर्षं गप्प बसलास? दोन वर्षं?"

"पोरीचं बारावीचं साल होतं," तो म्हणाला. "तुला कळलं असतं तर तू तिला घेऊन गेली असती. वर्ष वाया गेलं असतं लेकराचं. मी काय, फिकर करायसारखा माणूस हाय का?"

मी आणखी ओरडले. खरं तर ओरडून मी स्वतःलाच गप्प करत होते. कारण मला माहीत होतं, त्या साली त्याने मला सांगितलं असतं, तर मीसुद्धा म्हणाले असते, दादा, तेवढी परीक्षा होऊ दे, मग बघू. हे मी कुणाजवळ कधी बोलले नाही. मुलीजवळ तर नाहीच. आज लिहितेय.

मेदकला जायचा हट्ट त्याने सोडला नाही. मी म्हणाले, आता काय करायचं जाऊन? तो म्हणाला, "तू हायस की." कामारेड्डीला गाडीतून उतरून आम्ही बस पकडली. माझा हात त्याने दंडाशी धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे तसाच घट्ट.

चर्च लांबूनच दिसतं. चित्रावरून वाटायचं त्याच्या चौपट मोठं. जवळ गेल्यावर त्याने दगडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला. दुपारची वेळ, आत चार-दोन माणसं. पायाखाली गार फरशी. तिथल्या सेवकाला मी विचारलं, त्याने एक फोटो काढायला परवानगी दिली. काढला, आणि व्हायचं तेच झालं. खांब छान आले, खिडकी पांढरी पडली. मी कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

दादाला मी खिडकीसमोरच्या बाकावर बसवलं. तोंड वर करून तो उजेडाकडे बघत होता. एवढा शांत मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "सांग."

गाडीत बसल्यापासून माझं ठरलं होतं. काहीही असो, तू लावलेस तेच रंग आहेत म्हणायचं. मी म्हणाले, "येशूचा अंगरखा पिवळाच आहे, दादा."

"खोटं," तो म्हणाला. "इतक्या लवकर सांगितलंस, खोटं हाय. बाई, नीट सांग. घरी गेल्यावर दुरुस्त करायचंय मला."

त्याला खरंच तसं वाटत होतं की तो माझ्यासाठी बोलत होता, मला आजवर कळलेलं नाही. त्याने खिशातून छोटी डायरी आणि पेन्सिल काढली, पान चाचपलं आणि पेन्सिल टेकवून बसला. मग मी खरं सांगितलं. अंगरखा पांढरा. त्याच्यामागे गर्द निळं. खालच्या माणसांत एक लाल, एक हिरवा, एकाची बाही जांभळी. पिवळा फक्त अगदी वर, तोही थोडाच. मी एकही काच सोडली नाही. तो लिहीत होता, मध्येच थांबवून विचारत होता, "हिरवा कसला, पोपटी का गर्द?" मी सांगत होते. तास गेला असेल.

संपल्यावर त्याने डायरी माझ्यापुढे धरली. "वाच बरं एकदा. काय सुटलं का बघू."

सगळे रंग त्याने एकाच ओळीवर लिहिले होते, एकावर एक. पेन्सिलीचा नुसता काळा गिचका झाला होता. एक अक्षर लागत नव्हतं.

मी मान वर करून खिडकीकडे बघितलं, आणि डाव्या काचेपासून सुरुवात करून सगळं वाचून दाखवलं.