थरथरली की थांबायचं

गल्लीत तिला आगगाडी म्हणत, आणि हे तिला माहीत होतं. सकाळी दाराला कुलूप लावलं की ती त्या अरुंद गल्लीच्या मधोमध नाकासमोर निघे. कुणासाठी डावीकडे नाही की उजवीकडे नाही, ती थेट ब्रशच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन थांबे. हातात पांढरी काठी, खांद्याला डब्याची पिशवी आणि मान ताठ. लहानपणी तापात डोळे गेले ते गेलेच, पण चालण्याचा तोरा असा की गल्ली जणू तिच्या वडिलांनी बांधून दिली होती.

कारखान्यात तिच्या शेजारच्या पाटावर बसणारी मैत्रीणही आंधळीच. ती आठवड्याआड गुडघा फोडून येई.

"आज काय होतं?" आगगाडी विचारे.

"सायकल. कुणा मेल्याने आडवी लावली होती."

"तुमची गल्ली म्हणजे अडगळीची खोली आहे बाई. आमची बघ, पाटीसारखी कोरी. इतकी वर्षं चालते आहे, कशाला म्हणून धडकले नाही."

"बरं हो, राणीसाहेब," म्हणत मैत्रीण गुडघ्यावर फुंकर घालायची आणि दोघी कामाला लागायच्या. लाकडाच्या पट्टीला ओळीने भोकं असतात. भोकातून तारेचा फास वर काढायचा, त्यात केसांचा पुंजका धरायचा आणि तार खालून ओढायची, की पुंजका दुमडून भोकात घट्ट बसतो. पुंजका थोडा जाड झाला तरी तिच्या बोटांना खुपायचा. ती सोडून पुन्हा बांधायची. या कामात तिचं आयुष्य गेलं होतं आणि तिला ते आवडत होतं.

आवडत नव्हती ती गल्ली. म्हणजे चालायला आवडायची, पण माणसं नाही. गल्ली कोरी होती तशीच मुकीही होती. लांबून तिला सगळं ऐकू यायचं. शिंप्याच्या दुकानाबाहेर गप्पा चाललेल्या असत, पायऱ्यांवर भाजी निवडत बायका हसत असत, इस्त्रीवाला आपल्या सासऱ्याचा कसला तरी किस्सा रंगवून सांगत असे. ती जवळ आली की नळ बंद करावा तसं बोलणं बंद. ती पुढे गेली की पाठीमागे पुन्हा सुरू. किस्सा सुरू झालेला तिला समोरून ऐकू येई, शेवटचं हसू पाठीमागून येई, मधलं काही कळत नसे.

रोज दोन वेळा हे ऐकून माणूस काय समजेल? तिने तेच समजलं. आपण यांना नकोशा आहोत, दुसरं काय. मग तिनेही मान आणखी वर केली. आई म्हणायची, "चालताना बोलू नये, लक्ष चुकतं," म्हणून ती कुणाला हाकही मारत नसे. आई होती तोवर हे चाललं. घरी आली की बोलायला आई होती. रात्री ती आईच्या तळव्यांना तेल चोळायची. "घरात बसून असतेस, तरी पायांना एवढ्या भेगा कशा गं तुझ्या?" असं विचारायची. "वयाने पडतात," आई म्हणायची आणि पाय आखडून घ्यायची.

आई गेली आणि खोलीत आवाज म्हणून उरला तो फोनचा. फोन धाकट्या बहिणीचा असे. ती दूरच्या शहरात राहायची.

"अगं ताई, तिथे तुझं आहे तरी कोण? आजारी पडलीस तर पेलाभर पाणी कोण देईल?"

तिने मनातल्या मनात गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून पाहिली, एक माणूस सापडेना. शेवटी ती हो म्हणाली. महिनाअखेरीला मेहुणा टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. बहीण मायेची होती, पण तिच्या शहरात ब्रशचा कारखाना नव्हता. तिथे हात मांडीवर ठेवून बसायचं आणि कुणी ताट आणून दिलं की जेवायचं. या विचाराने तिला झोप लागत नसे. पण ज्या गल्लीला आपण नको, तिथे राहायचं तरी कशासाठी?

अशातच कारखान्यात नव्या काठ्या आल्या. त्यांच्याबरोबर त्या शिकवणारी एक मुलगी आली. ती भराभर बोलायची, आणि हात धरायच्या आधी "धरू का?" असं विचारायची, म्हणून आगगाडीला ती आवडली. पण लगेच कबूल कशाला करायचं?

"माझ्याकडे काठी आहे," ती म्हणाली.

"ती वस्तूला लागल्यावर सांगते, मावशी. ही लागायच्या आधी सांगते."

"म्हणजे चुगलखोर आहे."

"तसंच समजा," मुलगी हसली. "हिच्यातून एक आवाज निघतो, आपल्या कानांना ऐकू न येणारा. समोर काही असलं की त्याच्यावर आपटून तो माघारी येतो आणि मूठ थरथरते. वस्तू लांब असली तर हळूहळू, जवळ असली तर भराभर. समोर मोकळं असलं की गप्प. फोनसारखी हिला रोज वीज तेवढी पाजायची."

तिने काठी भिंतीकडे धरली. मुठीत चिमणीचं पिल्लू धरावं तशी काठी फडफडली. भिंत तर हाताला लागत नव्हती, पायाला लागत नव्हती, तरी होती. दाराकडे वळवली तर गप्प. पुन्हा भिंत, पुन्हा फडफड. मग काठी घेऊन ती अंगणात गेली. तिथे एक झाड होतं. त्याच्या बुंध्याला टेकून तिने आयुष्यभर डबा खाल्ला होता. बुंधा तिला पाठ होता, हात पोचतो तिथपर्यंत. तिने काठी बुंध्यापासून सावकाश वर नेली, आणखी वर, डोक्याच्या वर. काठी थरथरतच राहिली.

"हे काय आहे?" तिने हळू आवाजात विचारलं.

"फांदी आहे, मावशी."

"आत्ता आहे?"

"आत्ता आहे."

"आणि काल होती?"

"काल पण होती."

ती कितीतरी वेळ हात उंच करून तशीच उभी राहिली. झाडाला फांद्या असतात हे काय तिला माहीत नव्हतं? पण सांगून माहीत असणं वेगळं आणि तळहाताला कळणं वेगळं. इतकी वर्षं आपण खाली बसून जेवत होतो आणि आपल्या डोक्यावर एवढं मोठं काहीतरी हात पसरून उभं होतं, न बोलता. मैत्रीण म्हणाली, "मला पण दे की," तरी तिने काठी सोडली नाही.

मुलीने नियम शिकवला. "थरथरली की थांबायचं. मग काठी डावी-उजवीकडे फिरवायची. जिकडे गप्प होईल तिकडून जायचं."

"आगगाडी थांबत नसते," मैत्रीण म्हणाली, आणि सगळा कारखाना हसला.

खरंच ती थांबली नाही. संध्याकाळी ती नवी काठी घेऊन गल्लीत शिरली, आणि शिरते ना शिरते तोच काठी थरथरली. ही गल्ली तर कोरी. ती चालत राहिली. काठी गप्प झाली आणि वाटेत काही लागलं नाही. पुढे पुन्हा थरथर, पुन्हा गप्प, पुन्हा काही नाही. घरापर्यंत काठीला उचकी लागल्यासारखं चाललं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने तणतणत काठी त्या मुलीच्या हातात दिली.

"तुमची काठी खोटारडी निघाली. काही नसताना थरथरते."

मुलीने पिंप ठेवून बघितलं, स्टूल ठेवून बघितलं, स्वतः समोर उभी राहिली. काठी दर वेळी खरं बोलली.

"मग कारखान्यात खरं आणि आमच्या गल्लीत खोटं? आमच्याकडे काय भुतं राहतात?"

"मावशी, थरथरली तेव्हा तुम्ही थांबलात का?"

"रिकाम्या गल्लीत कशाला थांबू?"

"एकदा थांबून बघा. तरी खोटी निघाली तर परत नेते."

पुढच्या सकाळी ती तीच काठी घेऊन निघाली. पुढे इस्त्रीवाल्याच्या सासऱ्याचा किस्सा रंगात आला होता. तिची चाहूल लागली तसा तो तुटला. काठी थरथरली.

आगगाडी थांबली.

काठी क्षणभर आणखी थरथरली आणि गप्प झाली. नियम म्हणून तिने ती डावीकडे वळवली. फडफड, अगदी जवळ. भिंत म्हणावी तर भिंत एवढ्या जवळ नव्हती. उजवीकडे वळवली, तिकडेही फडफड. मग तिला झाडाची आठवण झाली आणि तिने काठी डावीकडे वर नेली. डोक्याच्या उंचीला काहीतरी होतं. ते अधांतरी होतं आणि जागच्या जागी हलतही होतं. ती कान देऊन उभी राहिली. गल्ली इतकी शांत होती की कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, दमलेल्या माणसाचा.

"ताई, पुढे व्हा हो," शिंप्याचा म्हातारा आवाज आला. "हात भरून आले."

ती दचकली. "कोण, काका? काय धरलंय तुम्ही?"

"बाक."

"कुठे?"

"डोक्यावर. एक टोक माझ्याकडे, एक बायकोकडे."

पायरीवर कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याला दटावलं.

"आणि उजवीकडे कोण आहे?"

"मी," इस्त्रीवाला अपराध्यासारखा म्हणाला. "टेबल उचललंय. तापलेल्या इस्त्रीसकट."

"मग खाली ठेवा की."

"तुम्ही गेल्याशिवाय कसं ठेवणार? आवाज होतो ना."

सगळं खाली ठेवलं गेलं. शिंप्याने तिला बाकावर बसवलं आणि घाम पुसत पुसत सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारखान्याची नोकरी लागली तेव्हा तिची आई दारोदार फिरली होती. पोर एकटी चालते आहे असं तिला वाटू दे, वाटेतलं तेवढं उचला आणि तोंडातून अक्षर काढू नका, एवढं तिचं मागणं होतं. "ती स्वतः दारात तुम्हाला 'जा' म्हणायची, चपला काढायची आणि भिंतीच्या कडेने अनवाणी तुमच्या पुढे पळायची. स्टुलं उचल, सायकली उचल. पुढे गुडघे गेले, तेव्हा खिडकीत बसून आमच्यावर डोळे वटारायची."

"आई गेली, तरी तुम्ही..."

"आता बंद करा असं सांगायला तरी कोण होतं? सवय लागली. नवा भाडेकरू आला की घरमालक त्याला तीनच गोष्टी सांगतो. भाडं कधी, पाणी कधी आणि आगगाडी कधी."

आगगाडीने काठी मांडीवर आडवी ठेवली. आईच्या तळव्यांवरच्या भेगा तिला आठवल्या, बोटांना आठवल्या. तेल चोळताना एकेक भेग तिने हाताळली होती आणि त्यात ही गल्ली आहे हे तिला कळलं नव्हतं. आजवर आपण ताठ मानेने चाललो, आणि आपल्या दोन्ही बाजूंना माणसं बाकं, टेबलं, खाटा डोक्यावर धरून श्वास रोखून उभी होती. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी.

"आणि बोलणं बंद करता, ते?" तिने विचारलं.

"बाक उचलून गप्पा कोण मारेल, ताई?" शिंप्याची बायको म्हणाली. "दात-ओठ आवळलेले असतात. का हो, तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मग उठून तिने काठीने आणि हाताने गल्ली पहिल्यांदा पाहिली. हा बाक, हे टेबल, ही फुलांची कुंडी, ही खाट आणि तिच्यावर ऊन खात पडलेला कुणाचा तरी आजोबा.

"यांना पण उचलता?"

"रोज," आजोबा खाटेवरूनच म्हणाले. "माझी तेवढीच सहल होते."

ती कारखान्यात उशिरा पोचली. असं कधी झालं नव्हतं. मैत्रिणीने विचारलं, "काय गं, गुडघा फोडलास?" "हो, तसंच काहीतरी," ती म्हणाली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, टेम्पो ठरवलाय."

"टेम्पो राहू दे."

"म्हणजे? अगं, तिथे तुझं आहे कोण?"

"तेच मोजायला बसले आहे. अजून शिंप्याच्या दुकानापर्यंतच पोचले आहे. झालं की सांगते."

त्या दिवशी घरी येताना तिने दारोदार थांबून बजावलं होतं. आता कुणी काही उचलायचं नाही. "धडकाल ना," असं सगळे म्हणाले. "धडकले तर धडकले," ती म्हणाली. "आमच्या मैत्रिणीला बरं वाटेल."

सकाळी तिने कुलूप लावलं आणि ती निघाली. काठी थरथरली, ती थांबली. काठी फिरवली, गप्प जागा शोधली आणि खाटेला वळसा घातला. "आगगाडी वळली रे," कुणीतरी म्हणालं, आणि आज ते तिला ऐकू येईल असं म्हणालं. पुढे कुंडीला वळसा, मग शिंप्याच्या बाकाला. बाकाच्या कोपऱ्याला मांडी घासली गेली, तेव्हा सगळ्या गल्लीने "च्च" केलं, पण जागचं कुणी उठलं नाही. सांगितलेलं ऐकत होते बिचारे, जिवावर आलं असेल तरी.

इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी काठी भराभर फडफडू लागली. तिथे सासऱ्याचा किस्सा चालला होता. ती जवळ आली तसा तो अडखळला. अंगात मुरलेली सवय, एका दिवसात कशी जाणार?

"थांबलास का?" ती म्हणाली. "बोल की. मला याचा मधला भाग कधी ऐकायलाच मिळाला नाही."

इस्त्रीवाल्याने घसा खाकरला, इस्त्री बाजूला ठेवली आणि किस्सा पुढे सांगू लागला. ती काठी बगलेत धरून ऐकत उभी राहिली.