डेल्टनची वीत

टेक्ससमधल्या ब्रॅझेल गावात मुलगा जन्मला की बायका त्याचं नाक कुणावर गेलंय ते बघतात आणि पुरुष त्याचा पंजा उलगडून बघतात. पंजा मोठा असेल तर पोरगा क्वार्टरबॅक होणार, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या मधोमध उभा राहून चेंडू फेकणार आणि गाव त्याला डोक्यावर घेणार. पंजा लहान असेल तर त्यानं सुतार व्हावं, दातांचा डॉक्टर व्हावं, काय वाटेल ते व्हावं. गावाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

व्हर्लीन टॅडलॉकच्या डेल्टनचा पंजा सगळ्यांना पसंत पडला, तेव्हाच तिनं तो दुपट्यात झाकून टाकला होता. कारण तिनं स्वतः लग्न केलं होतं ते अशाच एका पंज्याशी. नवरा रॉयस शाळेत असताना विभागाच्या अंतिम सामन्यात त्यानं अगदी शेवटी एक लांबच लांब चेंडू फेकला होता. तो कुणी झेलला नाही, सामना हातचा गेला. पण फेक काय देखणी होती, हे रॉयस अजून सांगतो आणि झेल सोडणाऱ्याचं नावही सांगतो. तो बिचारा कंटाळून ओक्लाहोमात राहायला गेला. रॉयस गावातच राहिला, गारपिटीनं फुटलेली छपरं बदलून देऊ लागला आणि उरलेल्या वेळात पोराचा पंजा वाढायची वाट बघू लागला.

व्हर्लीनचं कॉलेज अर्धवट राहिलं, कारण रॉयसला लग्नाची घाई होती. कोर्टाच्या चौकात तिचं फुलांचं दुकान होतं. ते खरं चालायचं शरद ऋतूत, होमकमिंगच्या, म्हणजे जुने विद्यार्थी शाळेत परत येतात त्या सामन्याआधी. त्या दिवशी शाळेतली प्रत्येक मुलगी छातीवर 'मम' लावून येते. मम म्हणजे ताटाएवढं कापडी शेवंतीचं फूल, खाली घोट्यापर्यंत रिबिनी, घुंगरं आणि मधोमध लोंबणारं एखादं खेळण्यातलं अस्वल. शेजारणीच्या मुलीला गेल्या वर्षी दोन फुलं होती म्हणून आपल्या मुलीला यंदा तीन पाहिजेत. मुली दारातून तिरप्या होऊन आत यायच्या. व्हर्लीन तोंडात टाचण्या धरून हे सगळं शिवायची आणि मनात हसायची. गावाच्या वेडावरच तिचं पोट होतं, त्यामुळे तिला ते वेड लांबूनही ओळखू यायचं. घरातलं मात्र तिला थांबवता आलं नाही.

डेल्टन मोठा झाला आणि पश्चिमेकडच्या एका छोट्या कॉलेजात खेळू लागला. चेंडू बरा फेकायचा. फार थोर नाही, बरा. सुट्टीत घरी आला की रॉयस त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचा. टेबलाच्या कडेला त्यानं व्हर्लीनचीच शिवणाची टेप चिकटवली होती. व्यावसायिक संघ पोरगा घेण्याआधी त्याची वीत मोजतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ती पाव इंचानं कमी भरली तर म्हणे पावसात हातातून चेंडू सुटतो.

"ताण. अजून ताण," रॉयस म्हणायचा.

"डॅडी, हाड आहे ते, रबर नाही."

"करंगळी आळशी आहे तुझी. आईवर गेलीय."

"करंगळी माझी असेल," व्हर्लीन चुलीपाशी बीन्स ढवळत म्हणायची. "डोकं कुणाचं आहे, ते मी बोलत नाही."

पण टेपवर वीत वाढत होती खरी. रॉयस सुट्टीभर दर आठवड्याला दुकानात फोन करून आकडा सांगायचा, ताप उतरल्याची बातमी द्यावी तसा.

शेवटच्या वर्षी डेल्टनची पदवी लवकर हातात आली आणि घरात दोन तट पडले. मधल्या काळात खांदा दुखावल्यामुळे त्याचा खेळायचा एक हंगाम शिल्लक होता. नियम असा की पदवीधर पोरगा पुढचं शिकायला दुसऱ्या कॉलेजात गेला तर तिथं लगेच खेळू शकतो. आणि ओल्ड रिव्हर या मोठ्या विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला होता. तिथल्या कोचनं फोन केला. एक वर्ष ये, शीक, टीव्हीवरचे सामने खेळ, मग ड्राफ्टला नाव दे. दुसरा रस्ता म्हणजे आत्ताच ड्राफ्टला नाव द्यायचं. व्यावसायिक संघ वर्षातून एकदा पोरं निवडतात, त्या रांगेत जाऊन उभं राहायचं. पण त्यासाठी एजंटच्या कागदावर सही केली की कॉलेजचं दार कायमचं बंद.

रॉयसचा हट्ट ड्राफ्टचा. त्याला आधार काय? मागच्या हंगामात एका संघाचा पारखी डेल्टनच्या कॉलेजात दुसऱ्याच कुणाला बघायला आला होता. डेल्टनची एक फेक पाहून तो म्हणाला होता, "पोरगा बघण्यासारखा आहे." एवढ्या एका वाक्यावर रॉयसनं मनातल्या मनात डॅलसमध्ये घर बांधून, त्यात राहायलाही जाऊन घेतलं होतं.

"बघण्यासारखं तर माझं दुकानही आहे," व्हर्लीन म्हणाली. "लोक बघतात आणि पुढे जातात."

"तुला खेळातलं काय कळतं?"

"खेळातलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं."

"अजून एक वर्ष कॉलेजात घालवायचं आणि गुडघा गेला म्हणजे? त्यांच्या पोराचा गेलाच ना?"

"गुडघा गेला तर हातात दुसरी पदवी असेल. तुझ्या रांगेत गुडघा गेला तर काय असेल? टेप?"

डेल्टन दोघांच्या मध्ये बसून अक्रोडासारख्या पेकनची गोड पाय-पेस्ट्री खात होता. भला पोरगा, पण जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. रॉयस अंगणात गेला की तो म्हणायचा, "मॉम, तुझं बरोबर आहे." व्हर्लीन दुकानात गेली की, "डॅडी, लोखंड तापलेलं आहे हे खरं." मैदानावर अकरा जण अंगावर धावून आले तरी डगमगायचा नाही, आणि घरात दोन माणसांपुढे त्याची वाचा बसायची.

आपण शेवटी बोलायचं कसं, याची व्हर्लीनला काळजी लागली. मग तिला हॉलिस बर्कहाल्टर आठवला.

हॉलिस ओल्ड रिव्हरचा जुना विद्यार्थी. महामार्गावर त्याची पिकअप गाड्यांची मोठी शोरूम होती. ओल्ड रिव्हरचा रंग जांभळा, म्हणून त्याचा टाय जांभळा, कुत्र्याचा पट्टा जांभळा आणि बायकोला जांभळा रंग शोभत नसूनही तिचा कोट जांभळा. विद्यापीठाच्या मैदानावर एक नळ त्याच्या देणगीतून बसला होता आणि त्यावर त्याचं नाव होतं.

"मिस व्हर्लीन, तुम्ही स्वतः आलात! बसा. चहा घ्या, बर्फातला गार आहे."

"हॉलिस, तुम्ही एकदा डेल्टनशी बोला. त्याला तिकडची ओढ लागेल असं काहीतरी करा. माझं ऐकतो, पण रॉयस घरी येईपर्यंतच."

"हे काम माझ्यावर सोडा," हॉलिस म्हणाला. "पोरांना कसं जिंकायचं ते मला कळतं."

त्याला काय कळत होतं? त्याला ट्रक कळत होता. चार दिवसांनी टॅडलॉकांच्या दारात जांभळी, नवी कोरी पिकअप उभी राहिली. "वापर रे," हॉलिस म्हणाला, "ओल्ड रिव्हरला जायला गाडी नको का?" डेल्टन बॉनेटवर बसला, हॉलिसनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि शोरूमच्या पोरीनं फोटो काढून इंटरनेटवर टाकला. रॉयससुद्धा विरघळला. त्यानं गाडीच्या टायरला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "वर्षभर काय, थांबता येईल म्हणा." व्हर्लीनच्या डोळ्यात पाणी आलं. तिला वाटलं, जिंकलो.

ब्रॅझेलमधल्या प्रत्येक पुरुषाला खेळाचा प्रत्येक नियम तोंडपाठ. पंच चुकला तर आजोबा लोक खुर्चीवरून कलम सांगतात. पण कॉलेजच्या खेळाडूनं विद्यापीठाच्या चाहत्याकडून फुकट काही घ्यायचं नाही, हा त्या काळचा अगदी पहिला नियम. तो एकालाही आठवला नाही. आठवणार कसा? डेल्टन नववीत असल्यापासून गावात त्याचे केस फुकट कापले जात होते, शुक्रवारी पॅनकेक फुकट मिळत होते, रविवारी चर्चमधल्या जेवणात धुरावर भाजलेल्या ब्रिस्केट मांसाचा पहिला काप त्याच्या ताटात पडत होता. गावाला ती रीत वाटायची. भेट कशाला म्हणतात तेच या लोकांना ठाऊक नव्हतं.

ओल्ड रिव्हरच्या नियम बघणाऱ्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. डेल्टननं तो कौतुकानं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"फोटोतली गाडी कुणाची आहे, डेल्टन?"

"मिस्टर हॉलिसची, मॅम."

"तुम्ही ती विकत घेतलीत?"

"नाही मॅम, तशीच दिली. फार चांगले आहेत ते. तुमच्या नळावर त्यांचं नाव आहे."

बाईंनी हॉलिसच्या नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं. मग त्यांनी आभार मानले. एवढ्या गोड आवाजात आभार मानलेले ऐकून व्हर्लीननं ओळखलं, घात झाला. आठवडा उलटायच्या आत कोचचा निरोप आला की चौकशीच्या भानगडीत विद्यापीठाला पडायचं नाही, लुइझियानातला दुसरा एक पोरगा त्यांनी घेतला आहे.

व्हर्लीन तडक शोरूमला गेली.

"मी प्रेमापोटी केलं, मिस व्हर्लीन," हॉलिस टाय चाचपत म्हणाला.

"तुमच्या प्रेमाला चार चाकं होती, हॉलिस. माझं पोरगं त्याखाली आलं."

घरी येताना तिला स्वतःचंच वाक्य आठवत राहिलं. ओढ लागेल असं काहीतरी करा. ती गावाला हसत आली होती. आणि गरजेच्या वेळी ती कुणाकडे गेली? गावातल्या सगळ्यात मोठ्या येड्याकडे.

आता रस्ता एकच उरला. डॅलसचा एक एजंट टोकदार बूट घालून आला, बार्बेक्यूच्या दुकानात बसून भाजलेल्या बरगड्या खात खात चिकट बोटांनी सही घेऊन गेला. मग संघांचे लोक डेल्टनच्या जुन्या कॉलेजात मोजमापं घ्यायला आले. तिथं वीत मोजली गेली, आणि ती शाळेत होती तेवढीच भरली. रॉयस चवताळून घरी आला आणि त्यानं टेबलाची कड तपासली. टेपचं सुरुवातीचं टोक दर ताणाताणीत थोडं थोडं दुमडून आत गेलं होतं. इतके महिने त्यानं दुमडलेल्या टेपवर पोराचं नशीब मोजलं होतं. तो म्हणाला, "टेप तुझी होती." व्हर्लीननं उत्तर दिलं नाही. असल्या बोलण्याला उत्तर दिलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी बोललो.

ड्राफ्ट तीन दिवस चालतो. तिन्ही दिवस टॅडलॉकांच्या घरात गाव लोटलं होतं. केसोची, म्हणजे वितळवलेल्या चीजची, कढई, मक्याच्या चिप्सचे डोंगर, हरणाचं सॉसेज. मधल्या टेबलावर लेसच्या रुमालावर डेल्टनचा फोन ठेवलेला, देवापुढे ठेवावा तसा. ज्या संघाला पोरगा हवा असेल तो आधी फोन करतो. दोन दिवस फोनला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. कढई ढवळणाऱ्याचा हात थांबला, चर्चच्या पास्टरनं डोळे मिटले, रॉयसनं टोपी काढली.

"हॅलो," डेल्टन म्हणाला. "येस मॅम... हो, आहे... मॉम, नादीन मावशी. तिचं काचेचं भांडं आपल्याकडे राहिलंय का, विचारतेय."

"राहिलंय," व्हर्लीन म्हणाली. "तिला सांग, त्यात आज बटाटे आहेत."

एकटी व्हर्लीनच हसली. ते हसणं गावानं तिला अजून माफ केलेलं नाही.

शेवटची फेरी संपेपर्यंत घर हळूहळू रिकामं झालं. कुणाची गाय व्यायली होती, कुणाला सकाळी लवकर उठायचं होतं. जाताना सगळ्यांनी ब्रिस्केट फॉइलमध्ये बांधून नेलं. हॉलिस सर्वांत शेवटी निघाला आणि सर्व्हिसिंगचं निमित्त सांगून जांभळी पिकअप घेऊन गेला. ती सर्व्हिसिंग आजही चालू असावी. पुढे एका संघानं डेल्टनला शनिवार-रविवार नुसतं बघायला बोलावलं. पाहिलं आणि घरी पाठवलं. पारखी खोटं बोलला नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी ममच्या ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा डेल्टन दुकानात रिबिनी कापून देत होता. मोठा पंजा तिथं उपयोगी पडत होता. एका हातात अख्खा गुच्छ मावायचा. दुकानात येणारे बाप त्याच्याकडे बघायचे नाहीत, हॉलिस तर नातीची ऑर्डर फोनवरून द्यायचा. याच पुरुषांनी त्याच्या बोटांचं मोजमाप चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं होतं.

एका संध्याकाळी रॉयस जेवताना म्हणाला, "कॅनडात एक संघ आहे. पुढच्या वसंतात..."

"नाही, डॅडी," डेल्टन म्हणाला.

व्हर्लीननं काटा खाली ठेवला. ती अजून काहीच बोलली नव्हती.

"माझ्या जुन्या कॉलेजात कोचना मदतनीस पाहिजे. नवीन पोरांना फेक शिकवायची, त्याबदल्यात पुढचं शिक्षण होतं. मी हो म्हणून आलोय."

"आम्हाला न विचारता?" रॉयसनं विचारलं.

"विचारलं असतं तर दोघांनाही हो म्हणालो असतो."

व्हर्लीनला हसू आलं आणि रडूही. वर्षभर ती शेवटी बोलायची संधी शोधत होती, आणि आता तिला काही बोलावंसंच वाटेना. शनिवारी तो तिच्या जुन्या फुलांच्या व्हॅनमधून गेला. निरोपाला कुणी आलं नाही, कारण मदतनीसाला निरोप द्यायची गावात रीत नाही. व्हॅनच्या मागच्या दाराला घुंगराची एक रिबीन अडकली होती. ती वाजत वाजत महामार्गापर्यंत गेली.

व्हर्लीन घरात आली. रॉयस स्वयंपाकघरात पाठमोरा बसला होता. टेबलाची ती टेप त्यानं काढलेली नव्हती. त्यानं स्वतःचा उजवा पंजा तिच्यावर उघडला होता आणि करंगळी डाव्या हातानं धरून पुढे ओढत होता. तोंड लाल झालं होतं.

तिनं रिबिनींची पेटी काखेत घेतली.

"झालं असेल तर टेबल पूस," ती म्हणाली. "मला रिबिनी पसरायच्यात."