रिकामा घाट

जुन्या घाटात आता गाड्या येत नाहीत हे कळलं, म्हणूनच मी आणि माझी मैत्रीण सुनंदा सायकली घेऊन तिकडे गेलो. दोन तास एकही हॉर्न ऐकू आला नाही. चढावर आपलाच श्वास ऐकू येतो, याचंच मला केवढं सुख वाटत होतं.

एका वळणावर डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेतलेली बाई समोरून आली. मागे तिचा नवरा दोन शेळ्यांना घेऊन उतरत होता.

"कुठं चाललाय, ताई?" बाईने विचारलं.

"वरच्या गावात. चहा मिळेल ना?"

"गावात कुणी न्हाई आता. डोंगराला भेग पडलीय. परवा हात जात हुता, आज पाय जातोय."

मी वर पाहिलं. झाडीत एकही पाखरू बोलत नव्हतं. उतारावरून बारीक खडे सुटून डांबरावर टपटपत होते. रिकामा रस्ता पाहुण्याला आपल्यासाठीच मोकळा ठेवल्यासारखा वाटतो. तिथली माणसं का गेली, हे विचारायचं त्याला सुचतच नाही.

तिचं गाठोडं माझ्या कॅरियरला बांधून आम्ही उतरलो. पायथ्याच्या शाळेत सगळं गाव जमलं होतं. तिने कनवटीची किल्ली चाचपून पाहिली.

"कुलूप लावून आलात?" सुनंदाने विचारलं.

"मग? घर उघडं टाकून येते व्हय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो डोंगर खाली आला.