कोरी कार्डं

डेपोत त्याला सगळे ‘शिक्का’ म्हणत. सर्व्हिस कार्डावर शिक्का असल्याशिवाय हा मुकादम एकही बस फाटकाबाहेर सोडत नसे. चालक गयावया करत, “दादा, गाडी मस्त चालतेय हो!” त्यावर उत्तर ठरलेलं. “बंद पडल्यावर कुणालाही कळतं. चालतेय तोवर दाखव.”

घरी आला की त्याच्यातला मुकादम चपलांबरोबर दाराबाहेर राही.

नोकरीबरोबर मिळालेल्या आरोग्य विम्यात मुलांच्या दातांची सोय होती. सहा महिन्यांनी एकदा फुकट तपासणी, कार्डावर शिक्का. दोन्ही मुलांची कार्डं तीन वर्षं कपाटात विजेच्या बिलांखाली पडून होती, कोरी करकरीत. बायको आठवण करून द्यायची.

“दुखतंय का काही?” हा विचारायचा. दुखत नसे. विषय संपे.

मग आठ वर्षांच्या लेकीची दाढ ठणकायला लागली. “दुधाची आहे, पडेल,” असं त्याने तज्ज्ञाच्या थाटात जाहीर केलं. आठवड्यात गाल सुजून डोळ्याला टेकला.

“दुधाची कुठली?” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही सहाव्या वर्षी मागून येते, ती कायमची. म्हातारपणापर्यंत पुरवायची होती हो. कीड मुळाशी गेलीय. वाचेल, पण चार खेपा लागतील.”

विम्याच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं.

“तपासणीचे शिक्के?”

“नाहीत.”

“मग उपचाराचा खर्च नाही मिळणार. दाढ काढलीत तर मिळेल.”

“काढायला पैसे देता आणि वाचवायला नाही?”

“नियम आहे.”

“अहो, तेव्हा दाढ धडधाकट होती! दाखवायचं काय?”

“धडधाकट असतानाच दाखवायची असते, दादा.”

वाक्य ओळखीचं होतं. त्याला बाईंचा राग आला, नियमाचा आला, आणि बाकावर बसून एक अक्षरही न बोलणाऱ्या बायकोचा सगळ्यात जास्त आला. ती बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“बाबा, माझी दाढ काढणार?” लेकीने गाल धरून विचारलं.

“नाही,” तो खेकसला.

साठवलेल्या सगळ्या रजा त्याने विकल्या. दाढ वाचली. रजाच न उरल्यामुळे दवाखान्याच्या चारही खेपा मात्र बायकोला कराव्या लागल्या, तिचं काम बुडवून.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तो पाच वर्षांच्या मुलाला घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला.

“याला काय होतंय?”

“काही नाही. शिक्का मारा.”

“आधी तोंड तर बघू द्या.”

दोन दातांवर काळे ठिपके निघाले. “वेळेवर आलात. दुखायच्या आधी तपासणीत सापडलं, म्हणजे हे विम्यात बसेल,” म्हणत बाईंनी ते तिथल्या तिथे भरले आणि शिक्का मारला.

सगळं मिळून अर्धा तास लागला. अर्धाच तास लागला, याचाच त्याला घरी पोचेपर्यंत राग येत राहिला.